फुटपाथवरून पाहिलेली पाटी

मंगळवार, ४ मार्च

प्रिय आत्या,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की मंडईमागच्या चौकातली ‘उजवीकडे वळू नये’ ही पाटी बेचाळीस पावलांवरून स्वच्छ दिसते. ते चूक आहे. पाटी अकरा पावलांवरून दिसते. तोवर गाडीवाल्याने चाक फिरवलेलं असतं.

बेचाळीस पावलं मी स्वतः मोजली होती, तीही दोनदा. पण मोजली फुटपाथवरून. रस्त्यात उतरून चालणं नियमात बसत नाही, म्हणून मी उतरले नाही. आणि गाड्या, आत्या, फुटपाथवरून जात नाहीत.

हे मला काल कळलं, एका पाववाल्यामुळे. तो आमच्या खिडकीशी आला, त्याची हरकत फेटाळल्याचा कागद काचेवर टेकवला आणि म्हणाला, “ही सही कुणाची?”

“माझी.”

“पाटी पाहिलीत तुम्ही?”

“हो. बेचाळीस पावलांवरून.”

“कुठे उभ्या होतात?”

मी सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने कपाळाला हात लावला. “बाई, तुम्ही फुटपाथला चलान देता का? चला, बसा माझ्या गाडीत.”

मी घाबरून पट्टीताईकडे पाहिलं. (हरकतींवरची नावं काळ्या पट्टीने झाकून मगच कागद माझ्या टेबलावर ठेवणारी, तीच. हरकत कुणाची हे मला कळू नये म्हणून.) ती चप्पल शोधत उठलीसुद्धा. “चल की. मीही येते. गाडीत निदान पावाचा वास तरी येईल.”

पाववाल्याच्या शेजारी बसून मी तो चौक चार वेळा ओलांडला. बसथांब्याला बाजूने जाहिरातीचा मोठा फलक आहे. फुटपाथवरून चालताना आपण त्याच्या मागून जातो, त्यामुळे तो आड येत नाही. रस्त्यावरून मात्र पाटी पूर्ण झाकलेली असते. फलक मागे पडतो आणि पाटी एकदम अंगावर येते. चौथ्या फेरीला पाववाला म्हणाला, “दिसली?” मी म्हटलं, “दिसली.” तो म्हणाला, “आता वळलो आपण. द्या चलान.”

त्या एका चौकातल्या एकतीस हरकती मी माझ्या मोजणीवर फेटाळल्या आहेत.

दुसरी दुरुस्ती. हरकत क्रमांक एकोणीसची मी तुझ्याजवळ थट्टा केली होती. सात परिच्छेद, पोटक्रमांकांसह. कुणीतरी निवृत्त मास्तर असणार, सकाळी दाढी करताना आरशाला व्याकरण शिकवणारे, असं लिहिलं होतं मी. त्या गृहस्थांच्या पाचव्या परिच्छेदात होतं, ‘पाहणी करणाऱ्याने वाहनाच्या जागेवरून पाहणी करावी.’ त्यासमोर मी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘अनावश्यक’. मला ते आठवलं की जेवण जात नाही.

तू विचारशील, त्यात एवढं काय, चूक सुधार आणि मोकळी हो. पण सत्तावीस तारखेला सभागृहात मतदान आहे. आतापर्यंत चलान द्यायचे पोलीस आणि भांडण ऐकायचं न्यायालय. डिसेंबरपासून नऊ रस्त्यांवर पालिका स्वतः चलान देते आहे, स्वतःच हरकती ऐकते आहे, हे सगळं तात्पुरतं. हे कायम करायचं की बंद, ते त्या दिवशी ठरणार. आमच्या अहवालात ठळक अक्षरात छापलंय, ‘प्रत्येक हरकतीची जागेवर जाऊन पाहणी’. ती पाहणी करणारी मी.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, “सत्तावीसपर्यंत तोंडाला कुलूप. अठ्ठावीसला आपण दोघं मिळून सगळं निस्तरू.” ते वाईट नाहीत गं. सहा वर्षं या ठरावाला त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलंय.

आणि मलाही तो हवा आहे. मनापासून हवा आहे. हेच तर अवघड झालंय. बोलले तर ठराव पडेल असं वाटतं, नाही बोलले तर तो माझ्या खोट्यावर उभा राहील. मी काय करू?

तुझी,
मुंगी

शनिवार, ८ मार्च

प्रिय मुंगी,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय, ‘र’ अजून काठी टेकून उभा असतो.

काय करू, असं मला विचारू नकोस. स्वयंपाकघरातल्या त्या टेबलावर तुझ्या बाबाने नि मी तुला अकरा वर्षांची होईपर्यंत शिकवलं ते पुढे प्रत्येक वेळी आम्हाला विचारण्यासाठी नाही. शिवाय मला विचारणं बरोबरही नाही, कारण माझं मत तुला ठाऊक आहे. हा ठराव पडला तर मी त्या दिवशी गोड करून खाईन.

मी सव्वीस वर्षं वाहतूक न्यायालयात टंकलेखन केलं. तिथल्या न्यायाधीशांना झोप यायची, पंखे बंद पडायचे, एक तर गुडघे दुखले की सगळ्यांनाच दोषी ठरवायचे. पण ज्याने तुला पकडलं त्याच्या घरचं मीठ ते खात नव्हते. तुमच्याकडे काय? पकडणारे तुमचे, ऐकणारी तू, तुम्हा दोघांना पगार देणारी पालिका एकच. आणि ज्या पालिकेला दंडाची चटक लागेल ती पाट्या दिसतील अशा लावेल की दिसणार नाहीत अशा? सांग बघू.

बाकी, तो क्रमांक एकोणीस निवृत्त मास्तर आहे, म्हातारा आहे आणि दाढी करतो, हे सगळं तुला काळ्या पट्टीतून दिसलं वाटतं. बरं. मला पाचवा परिच्छेद अनावश्यक वाटला नसता.

वेळेवर जेव.

आत्या

बुधवार, १२ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिसऱ्यांदा मला राग आला. लिहून टाकते, म्हणजे आत राहणार नाही.

तुला तुझं न्यायालय आवडतं, हे मी समजू शकते. पण ते आता कसं चाललंय हे तू पाहिलेलं नाहीस. पोलिसांच्या चलानावर हरकत घेतली तर तारीख मिळते चौदा महिन्यांनी. त्या दिवशी सकाळी नऊपासून बसायचं, नाव कधी पुकारतील नेम नाही. पाववाला म्हणाला, “एक दिवस मी तिथे बसलो तर सत्तर दुकानांत पाव जाणार नाही. मग मी म्हणतो, हो बाबा, केला गुन्हा, सोड.” आणि त्याने तो गुन्हा केलेला नसतो. हा कसला न्याय? माझ्याकडे त्याला नऊ दिवसांत उत्तर मिळालं.

(चुकीचं मिळालं. हे मी स्वतःच लिहिते, म्हणजे तू लिहायला नकोस.)

रविवारी सकाळी पाववाल्याची गाडी रिकामी होती. त्याच्या शेजारी बसून मी आणखी सात फेऱ्या मारल्या, पट्टीताई मागे पावाच्या ट्रेवर बसून वहीत आकडे लिहीत होती. दर फेरीला अकरा, एकदा बारा. “बारावं कसं आलं?” मी विचारलं. ती म्हणाली, “मला शिंक आली तेव्हा.” मी ती फेरी धरली नाही.

एकतीसही हरकतींवर मी नवी टिपणं लिहून ठेवली आहेत. पण साहेबांच्या सहीशिवाय निकाल फिरत नाही, आणि साहेब सही करत नाहीत. काल मी पुन्हा त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. ते वर न बघता म्हणाले, “मुंगी पायाखाली येते ती फार लुडबुड करते म्हणून.” हे टोपणनाव त्यांच्यापर्यंत कसं पोहोचलं ते पट्टीताईला विचारायचं आहे.

आत्या, मला भीती वाटते. सभागृहात एक जुने वकील नगरसेवक आहेत, ठरावाच्या विरोधात सगळ्यात पुढे तेच. ते तुझंच वाक्य बोलतात, पकडणारा आणि ऐकणारा एकाच छपराखाली नको. मी तोंड उघडलं तर त्यांना हवा तो पुरावा मी स्वतः ताटात वाढून देणार. सहा वर्षांचं काम, पाववाल्यासारख्या शेकडो लोकांचा दिवस, सगळं माझ्या बेचाळीस पावलांपायी जाईल.

तू न्यायालयाची बाजू घेतलीस ती घे. पण मला एवढं सांग, तिथे माझ्यासारखी चूक कधी झाली तर ती कुणी कबूल करायचं का?

मुंगी

रविवार, १६ मार्च

प्रिय मुंगी,

आता मी दुरुस्ती करते. बसून वाच. पाणी जवळ ठेव.

क्रमांक एकोणीस मी आहे.

जानेवारीत चष्म्याचा नंबर काढायला मी शहरात आले होते. नवा चष्मा दुपारी मिळणार होता, मधे वेळ होता. मनात आलं, पोरीचं कार्यालय बाहेरून तरी बघावं. आत आले असते तर तू दिवसभर कावरीबावरी झाली असतीस आणि मला साहेबांच्या ओळखीला नेलं असतंस, ते नको होतं. म्हणून तुमच्या इमारतीभोवती गाडीने दोन चकरा मारल्या. दुसऱ्या मजल्यावर कडेच्या खिडकीत तू दिसलीस. मान खाली, नाक कागदात. तोच आनंद घेऊन मंडईमागे वळले, उजवीकडे, आणि तुमच्या निरीक्षकाने शिट्टी मारली.

हरकत मी अगदी सचोटीने लिहिली. ती तुझ्याच टेबलावर जाईल हे मला माहीत होतं, पण पट्टी असते हेही माहीत होतं. माझ्या भाचीच्या हातून मला न्याय कसा मिळतो ते बघू, असा थोडा खोडसाळपणा होता, नाही म्हणत नाही. मग तुझं पत्र आलं. दाढी करणारा मास्तर. मी दोन दिवस धुसफुसत होते. भाजीवाली म्हणाली, आज तुमचं बिनसलंय का? मी म्हटलं, मला माझ्या घरच्याच माणसाने फेटाळलंय.

गप्प बसले, कारण सांगितलं असतं तर तू माझा निकाल फिरवला असतास आणि उरलेले तीस तसेच राहिले असते. आता तुझं तुलाच कळलं आहे, म्हणून सांगते. पण हेही लक्षात ठेव, आता माझ्या हरकतीला तू हात लावायचा नाहीस. आत्याची हरकत भाची मंजूर करते हे त्या वकिलांना कळलं तर ते तुला सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. साहेबांना मी आजच स्वतंत्र पत्र टाकलं आहे.

तू विचारलंस, तिथे चूक कुणी कबूल करायचं का. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. आणि आणखी एक सांगते, जे तुझ्या बाबालाही कधी सांगितलं नव्हतं. जेवणाची सुट्टी जवळ आली की बाहेरच्या बाकावरून माणसं उठून यायची आणि म्हणायची, लिहा, गुन्हा कबूल. ‘कबूल’ हा शब्द मी इतक्या वेळा टंकला की त्याचं अक्षर सगळ्यात आधी झिजलं. त्यातल्या निम्म्यांनी काही केलेलं नव्हतं हे मला चेहऱ्यावरून कळायचं. मी टंकत राहिले. तेव्हा पाववाल्याबद्दल तू जे लिहिलंस ते मला मान्य आहे. छपराबद्दल मी म्हणते ते तू मान्य कर.

आणि एक प्रश्न, जो तुझ्या सगळ्या टिपणांत नाही. एकतीस जणांनी हरकत घेतली. ज्यांनी हरकतच घेतली नाही, निमूट दंड भरला, त्यांचं काय?

आत्या

शुक्रवार, २१ मार्च

आत्या!

मी तुला आयुष्यात कधी दुष्ट म्हटलेलं नाही. आज म्हणते. दुष्ट!

पत्र मी जेवणाच्या सुट्टीत उघडलं. पाणी जवळ नव्हतं. मी इतकी हसले आणि मग इतकी रडले की पट्टीताईने माझ्या हातातून कागद ओढून घेतला, वाचला आणि खुर्चीवरून घसरली. खरंच घसरली. म्हणते, “मी चिकटवली गं ती पट्टी! नाव वाचून वाटलं होतं, काय भारदस्त नाव आहे.”

साहेबांकडे तुझं पत्र माझ्या आधी पोहोचलं होतं. त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. “एवढं मोठं शहर,” ते म्हणाले, “लाखभर गाड्या. आणि नेमकं तुझ्याच आत्याला उजवीकडे वळायचं होतं?”

मी म्हटलं, “साहेब, तिला पाटी दिसली नाही.”

“मला माहीत आहे तिला पाटी दिसली नाही! आता सगळ्या जगाला माहीत आहे!” मग म्हणाले, “बस.” मी बसले. मी त्यांना तुझा शेवटचा प्रश्न वाचून दाखवला आणि मी काढलेला आकडा सांगितला. त्या चौकात हरकत न घेता दंड भरणारे एकशे चौऱ्याऐंशी आहेत. ते खिडकीबाहेर बघत राहिले. “माझी आई असती तर तिनेही भरला असता,” ते म्हणाले. “रांगेत भांडायची तिला लाज वाटायची.”

शेवटी त्यांनी निर्णय सांगितला. ते स्वतः बोलणार नाहीत. मला अडवणारही नाहीत. सभागृहात माहिती द्यायला विभागातून एक जण उभा राहतो, तिथे माझं नाव त्यांनी लिहून टाकलं.

आत्या, मी उभी राहणार. तू येऊ नकोस, हात जोडते. तू समोर दिसलीस तर मी आठ वर्षांची होईन, आणि तेव्हा तुम्ही उभं करायचात तशी, स्वतःची चूक मोठ्याने वाचायला स्टूल शोधेन.

मुंगी

शुक्रवार, २८ मार्च

प्रिय आत्या,

झालं. मंजूर झालं! पंधरा विरुद्ध आठ. पण क्रमाने सांगते, नाहीतर काहीतरी सुटेल.

सभागृहात बोलणाऱ्यासाठी लाकडी उंचवटा आहे. त्याच्या कठड्यावरून माझी फक्त हनुवटी वर येत होती. कुणीतरी मागून म्हणालं, “आवाज येतोय, माणूस कुठाय?” सगळे हसले. त्या हसण्याने मला बरंच वाटलं. मी कागद न बघता पहिलं वाक्य बोलले. “आमच्या अहवालाच्या नवव्या पानावर एक खोटी गोष्ट छापली आहे, आणि ती माझ्यामुळे छापली गेली.”

हसणं थांबलं. मी सगळं सांगितलं. बेचाळीस, अकरा, फुटपाथ. एकतीस, एकशे चौऱ्याऐंशी. आणि त्या एकतीसांत माझी आत्या आहे, हे मला आधी माहीत नव्हतं, आता आहे, म्हणून तिच्या हरकतीचा निर्णय मी करणार नाही.

जुने वकील सावकाश उठले. चष्मा पुसला. अगदी तू पुसतेस तसा, उलट सुलट.

“म्हणजे चलान तुम्हीच देता, हरकत तुम्हीच ऐकता, आणि चुकताही तुम्हीच?”

“हो.”

“मग हा ठराव मी का मान्य करावा?”

“आज आहे तसा करूच नका,” मी म्हटलं.

साहेब मागे इतके जोरात खोकले की शिपायाने त्यांना पाणी दिलं.

मग मी बोलत सुटले. पाठ केलेलं काही आठवलं नाही, म्हणून जे खरं वाटत होतं तेच बोलले. म्हटलं, चूक न्यायालयातही होते. पण तिथे ती कळायला चौदा महिने लागतात, आणि तोवर लोक गुन्हा कबूल करून घरी गेलेले असतात. माझी चूक एका पाववाल्याने पकडली, कारण चुकीची सही करणारी बाई त्याला पालिकेच्या खिडकीत सापडली. तो तिला गाडीत घालून चौकात घेऊन गेला. न्यायाधीशांना असं कुणाला नेता येईल? शहराचं चलान मला याच्यासाठी हवं आहे. शहर जवळ असतं. त्याला धरता येतं. पण ती खिडकी वाहतूक विभागाची नको, तिच्यातल्या माणसाचा साहेब वेगळा हवा.

मग मी तीन दुरुस्त्या वाचल्या. पहिली, हरकती ऐकणारं मंडळ वेगळं असेल, वेगळ्या इमारतीत बसेल, आणि वाहतूक विभागातलं कुणी त्यात नसेल. दुसरी, पाहणी वाहनाच्या जागेवरून होईल. तिसरी, एका जागेवरचं एक चलान चूक ठरलं तर त्या जागेवरची सगळी चलानं कुणी न मागता पुन्हा तपासली जातील, दंड भरलेल्यांचीसुद्धा.

वकिलांनी तिसरी दुरुस्ती पुन्हा वाचायला लावली. “ही कुणी सुचवली?”

“हरकत क्रमांक एकोणीसने.”

“आत्यांनी?”

“हो.”

त्यांनी तुझं नाव विचारलं. मी सांगितलं, आणि आत्या, त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. “वाहतूक न्यायालयात टंकलेखिका होत्या त्या? त्यांनी माझा अर्ज तीन वेळा परत पाठवला होता! समास अर्धा बोट कमी सोडला म्हणून!” सगळं सभागृह हसायला लागलं. ते उभेच होते. मग म्हणाले, “सहा वर्षं मी या ठरावाला विरोध केला, कारण मला वाटायचं हे लोक चूक झाकतील. ज्या दिवशी ती झाकायची, त्याच दिवशी यांनी ती उघडली. तिन्ही दुरुस्त्यांना माझं अनुमोदन. आणि दुरुस्त्यांसकट ठरावालाही.”

त्यानंतर हात वर गेले. मी मोजत होते, मोजल्याशिवाय मला राहवतं का. बारावा हात वर गेला तेव्हा बहुमत झालं आणि प्रेक्षकांतून पट्टीताईने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. अध्यक्षांनी तिला बाहेर काढलं. ती बाहेरूनही वाजवत होती.

जिन्यात साहेबांनी खिशातून पेन काढलं, माझ्या हातातली टिपणं भिंतीवर धरली आणि तिथेच उभ्याउभ्या सह्या केल्या. तीस. एकतिसावी, तुझी, त्यांनी स्वतः पूर्ण वाचून, पाचव्या परिच्छेदाखाली रेघ मारून केली. आज सकाळी दोन कामगार चौकात गेले आणि पाटी उपटून पलीकडच्या खांबावर लावली. मी रस्त्यात उतरून पाहिलं. कामगाराने माझ्यासाठी हात दाखवून गाड्या थांबवल्या होत्या. पासष्ट पावलांवरून दिसते, आत्या. पासष्ट!

पाववाल्याने कार्यालयात तीन ट्रे पाठवले होते. लाच होईल म्हणून मी ते परत पाठवणार होते, पण मी येईपर्यंत पट्टीताईने एक ट्रे संपवत आणला होता. उरलेले दोन परत गेले, आणि संपलेल्याचं बिल तिने भरलं, माझ्या डोळ्यांकडे बघून.

तुझी,
मुंगी

मंगळवार, १ एप्रिल

प्रिय मुंगी,

हरकत मंजूर झाल्याचं पत्र काल पोहोचलं. समास व्यवस्थित आहे. मी ते शेजारच्या बाईंना दाखवलं, मग पोस्टमनला दाखवलं, ज्याने ते आणून दिलं होतं. तो म्हणाला, “एवढं काय आहे यात?” मी म्हटलं, “माझ्या पोरीने मला आधी फेटाळलं आणि मग जिंकवलं.” त्याला काही कळलं नाही. चहा पिऊन गेला.

मी सभागृहात नव्हते हे फार बरं झालं. मी रडले असते आणि ते तुला पुढची वीस वर्षं पुरलं असतं.

ठरावाबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पंधरा आण्यांवर आलं आहे. उरलेला आणा मंडळ कसं चालतं ते बघून देईन. वकिलांना सांग, समास अर्धा नाही, पाऊण बोट कमी होता.

आता एक विचारते, आणि खरं उत्तर दे. तुझी पहिली दुरुस्ती मी वर्तमानपत्रात पूर्ण वाचली. वाहतूक विभागातलं कुणी मंडळात नसेल. म्हणजे हरकतींचं तुझं टेबल बंद होणार. अर्ज करणारा अर्ज भरताना पालिकेच्या नोकरीत नसावा, अशीही ओळ आहे. म्हणजे मंडळावर जायचं तर तुला आधी कायमची नोकरी सोडायला हवी, आणि निवड होईल याची हमी नाही. हे तुझ्या लक्षात आलं होतं का, की नेहमीप्रमाणे दुसऱ्यांचं मोजताना स्वतःला मोजायचं राहिलं?

आत्या

शनिवार, ५ एप्रिल

प्रिय आत्या,

लक्षात आलं होतं. ती ओळ लिहितानाच आलं होतं. लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवून खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन बघितलं, ओळ तशीच बरोबर होती. मग मी काय करणार?

साहेबांनी मला पाणीपुरवठ्यात जागा देऊ केली आहे. बढतीसह. “तिथे नळ असतात,” ते म्हणाले, “नळ हरकत घेत नाहीत.” फार प्रेमाने म्हणाले. मी दोन दिवस विचार केला. तुला सगळं सांगते म्हणून हेही सांगते, त्या दोन दिवसांत मी एकदा हो म्हणायचं ठरवलं होतं. घरमालकीणबाईंना काय सांगू, बाबांना काय सांगू, निवड झाली नाही तर कुठल्या तोंडाने पट्टीताईबरोबर जेवायला बसू, असं सगळं डोक्यात फिरत होतं. पाच जागा आहेत. नव्वदच्या वर अर्ज येतील असं म्हणतात, त्यात खरे वकील असतील.

मग काल एक बाई खिडकीशी आल्या. त्या एकशे चौऱ्याऐंशीतल्या. हातात आमचं दंड परत देण्याचं पत्र. म्हणाल्या, “मी तर काही मागितलंच नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?” मी म्हटलं, “आम्ही परत तपासलं.” त्या म्हणाल्या, “कुणी परत तपासतं?” आणि पत्राची घडी घालून, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून गेल्या.

आत्या, मला हेच काम येतं. पाणी मला येत नाही. नव्वदांतल्या किती जणांनी चूक कबूल करून मतदान जिंकलं असेल? हे मी अर्जात लिहिणार नाही, उद्धटपणा होईल. पण तुला लिहायला काय हरकत आहे? मी जिंकलंय. मला झोप लागत नाही, आणि तरी सकाळी आरशासमोर केस विंचरताना मी स्वतःशीच हसते.

पट्टीताईने माझ्या राजीनाम्याचा मसुदा वाचला आणि म्हणाली, “नावावर पट्टी लावू का? साहेबांना कळणारच नाही कोण गेलं.” मग डोळे पुसत बाहेर गेली. पाववाल्याने त्याच्या रस्त्यावरच्या सत्तर दुकानांत सांगून ठेवलंय की ओळखीची बाई मंडळावर जाणार. मी त्याला दटावलं, ओळखीची म्हणू नका, निवड रद्द होईल. तो म्हणाला, “बरं. अनोळखी बाई जाणार.”

अर्जाची शेवटची तारीख ११ आहे, पण मी शेवटच्या तारखेला काही करत नाही, तुला माहीत आहे. बाबांना मी उद्या फोन करणार. तू मधे पडू नकोस, मला स्वतः सांगू दे. आणि बुधवारी, ९ एप्रिलला, सकाळी दहा वाजता कार्यालय उघडताच मी राजीनामा साहेबांच्या हातात देणार आहे. त्या क्षणापासून मी नोकरीत नसेन. सव्वादहाला पलीकडच्या इमारतीत जाऊन अर्ज भरेन.

मुंगी